पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे

वारणानगरच्या ऊंसाच्या मळ्यांतून दक्षिणेकडे दृष्टि टाकली म्हणजे ज्योतिबाचा डोंगर दिसतो आणि त्याच्या उजव्या हातास पन्हाळ्याची लांबट, काळसर कड दिसते. पावसाळ्यांत ही कड दिवसाचा बराचसा वेळ ढगांतच असते. त्या कडेवरून निघून पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत, एक पाऊलवाट गेलेली आहे. पावनखिंडीपर्यंत तिची लांबी ५० किलोमीटरांच्या आसपास भरते, आणि तेथून विशाळगड गांठण्यास आणखी कांहीं तास चालावें लागतें. आषाढ लागला कीं कोल्हापूर, सांगली, पुणें, मुंबई अशा ठिकठिकाणांहून माणसांचे जथेच्या जथे या वाटेवर येतात. त्यांत शाळा-कॉलेजांतील मुलें असतात, कचेऱ्यांतून काम करणारे असतात, आणि साठी उलटलेलीं माणसेंहि असतात. ही वाट कशी आहे आणि तिच्यावर पाऊल ठेवणारानें काय जाणून निघावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या वाटेस नांव मिळालें तें इतिहासामुळें. सन १६६० च्या मार्च महिन्यांत विजापूरकरांचा सरदार सिद्दी जौहर यानें पन्हाळ्यास वेढा घातला आणि शिवाजी महाराज गडावर अडकले. पावसाळा सुरूं झाला म्हणजे छावणी मोडेल ही अपेक्षा फोल ठरली. भर पावसांतहि जौहरानें पहारे उठविले नाहींत. राजापूरच्या इंग्रज वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन हा तोफा व दारूगोळा घेऊन वेढा घालणारांच्या मदतीस आला होता; त्याची किंमत त्या वखारीस पुढच्याच वर्षीं, १६६१ सालीं, मोजावी लागली. अखेर १२ जुलैच्या रात्रीं सुमारें ६०० निवडक माणसें घेऊन महाराज गडाखालीं उतरले. शिवा काशीद या वीरानें महाराजांचा वेष घेऊन, दुसऱ्या पालखींत बसून शत्रूस चकविलें आणि तें सोंग उघडकीस आल्यावर प्राण दिला. सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. दुसऱ्या दिवशीं गजापूरजवळच्या घोडखिंडींत बाजी प्रभु देशपांडे बांदलांच्या पथकासह मागें थांबले आणि महाराज विशाळगडाकडे गेले. विशाळगडाच्या पायथ्याशींहि सुर्वे आणि दळवी यांच्या फौजेचा वेढा होता. तो फोडून महाराज गडावर पोहोंचले. इकडे खिंडींत बाजी, त्यांचे बंधु फुलाजी आणि कित्येक बांदल धारातीर्थीं पडले. घोडखिंडीची पावनखिंड झाली ती अशी.

ही हकीकत महाराष्ट्रांतील मुलांस तोंडपाठ असते. परंतु तिच्यामागचा भूगोल मात्र वाट चालल्याशिवाय पुरतेपणीं ध्यानांत येत नाहीं. पन्हाळ्याच्या पूर्वेस मोकळा, सपाट मुलूख आहे. तेथें घोडदळाचें राज्य. पश्चिमेस जावें तसतसा पाऊस वाढतो, रान दाट होतें, ओढे खोल होतात आणि घोड्याचा उपयोग कमी होत जातो. विशाळगडाचें जुनें नांव खेळणा. सन १४५३ मध्यें बहामनी सरदार मलिक-उत्-तुजार हा मोठें सैन्य घेऊन याच खेळण्याच्या रानांत शिरला आणि त्या सैन्याची दाणादाण उडाली. त्या रानानें जें केलें तें तलवारीहून अधिक होतें. म्हणजे पश्चिमेकडे निघणें हा निव्वळ साहसाचा निर्णय नव्हता. तो जमिनीचें ज्ञान असलेल्या माणसाचा निर्णय होता. पावसाचा आवाज पावलांचा आवाज झांकतो, चिखल घोड्याची गति मारतो, ढग चंद्रास झांकतात. पौर्णिमेच्या सुमाराची ती रात्र असूनहि अंधार मिळाला तो पावसाळ्यामुळेंच. ती वाईट रात्र हीच त्या ६०० माणसांची ढाल होती.

ही गोष्ट आजच्या वाटसरूनें नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सारें विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. त्या माणसांस पाऊस हवा होता. आजच्या माणसामागें कोणी मसूद लागलेला नसतो. त्याच्या दृष्टीनें तो पाऊस ढाल नव्हे. त्याच वाटेवर, त्याच महिन्यांत, त्याच पावसांत चालण्यानें इतिहासाचें स्मरण होतें हें खरें. परंतु संकट अंगावर ओढवून घेतल्यानें तें स्मरण अधिक खरें होतें असें मात्र नाहीं.

आतां वाटेकडे वळूं. पन्हाळ्यावर बाजी प्रभूंचा पुतळा आहे. तेथें नमस्कार करून बहुतेक मंडळी निघतात. महाराज ज्या बाजूनें उतरले ती राजदिंडीची वाट गडावर दाखविली जाते. गड उतरून तुरुकवाडी मागें टाकली कीं चढ लागतो आणि माणूस मसाईच्या पठारावर येतो. हें पठार जांभ्या दगडाचें आहे. त्यावर मातीचा थर अगदीं पातळ, त्यामुळें मोठीं झाडें जवळजवळ नाहींत. मैलोगणती गवतच गवत. कडेला पांडवदरा या नांवाचीं कोरीव लेणीं आहेत आणि पठारावर मसाई देवीचें मंदिर आहे. भाद्रपदाच्या सुमारास याच गवतांत सीतेच्या आसवांचीं निळीं-जांभळीं फुलें आणि गेंदाचे पांढरे गुच्छ उमलतात. ज्यास पठाराची शोभा पाहावयाची असेल त्यानें आषाढाऐवजीं त्या वेळीं यावें आणि पन्हाळा ते मसाई एवढीच एका दिवसाची वाट धरावी. लहान मुलें किंवा वृद्ध माणसें बरोबर असलेल्या कुटुंबास तीच योग्य होय. मात्र फुलें असतील तेथें पाऊल जपून टाकावें. बोटभर मातींत रुजलेलें झाड एकदां तुडविलें कीं तेथें पुन्हां उभें राहण्यास त्यास आधार उरत नाहीं.

आषाढांत हेंच पठार सर्वांत फसवें असतें. चढउतार थकवितो, पण दिशा सांगतो. सपाटी दिशा सांगत नाहीं. धुकें उतरलें म्हणजे दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. वारा पश्चिमेकडून तोंडावर येतो म्हणून माणूस नकळत मान वळवितो, आणि मान वळली कीं पाऊलहि वळतें. तासभर चालून पाहावें तर आपण पुन्हां निघालों त्याच खडकापाशीं, असें अनेकांचें झालें आहे. हातांतील यंत्र उपग्रहाच्या आधारें जागा दाखवितें खरें, पण पावसांत भिजल्यावर तें बंद पडलें कीं तेंहि गेलें. म्हणून पठारावर तुकडी फुटूं देऊं नये. पुढें वाटाड्या असावा, शेवटीं वाट ठाऊक असलेला दुसरा माणूस असावा, आणि मधल्यानें आपल्या पुढच्याइतकीच आपल्या मागच्याची चौकशी ठेवावी. धुकें फारच दाटलें तर बसून राहावें. बसून राहिलेला माणूस हरवत नाहीं. चालत राहिलेला हरवतो.

पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी अशा वाड्या लागतात. बहुतेक तुकड्यांचा पहिला मुक्काम याच भागांत पडतो. दुसऱ्या दिवशीं आंबेवाडी, कळकेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी अशीं नांवें एकामागून एक येतात. मग धनगरवाडे, दाट रान, आणि पांढरपाणी. पांढरपाण्याहून खिंड जवळ. या दुसऱ्या दिवसाच्या वाटेवर पायांखालीं चिखल, अंगावर पाऊस आणि पायांस जळवा असा तिहेरी त्रास असतो. जळू ओढून काढूं नये. मीठ किंवा तंबाखूचें पाणी लावलें कीं ती आपोआप सुटते. रानांत गव्यांचा वावर आहे. त्यांस दुरून पाहावें व वाट सोडून द्यावी. परंतु जळू आणि गवा यांपेक्षां या वाटेवरचें खरें भय ओढ्यांचें आहे.

मसाईसारखीं जांभ्याचीं पठारें पाणी फारसें मुरवीत नाहींत. जमीन एकदां भिजली कीं पडलेला पाऊस जवळजवळ सगळा वाहून निघतो. त्यामुळें सकाळीं घोट्याइतका असलेला ओढा दुपारीं कमरेइतका होऊं शकतो, आणि आपल्या डोक्यावर पाऊस नसतांनाहि वरच्या अंगास पडलेल्या पावसानें फुगूं शकतो. पाण्याची उंची पाहून धीर धरणारा फसतो. पाहावयाची ती गति. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. म्हणून गुडघ्याइतकें, पण वेगानें जाणारें पाणी धट्टाकट्टा माणूस पाडतें. पाणी गढूळ झालें, त्यांतून फांद्या-पाला वाहूं लागला, किंवा तळाचे दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज येऊं लागला, तर त्या ओढ्यांत पाऊल घालूं नये.

ओलांडणें शक्य असेल तर तें रुंद व उथळ जागीं करावें. अरुंद जागा सोपी दिसते, पण तेथेंच पाणी खोल व वेगवान असतें. पाठीवरच्या पिशवीचे पट्टे सैल करावे, म्हणजे पडल्यास ती झटकन् टाकून देतां येते. तिघांचौघांनीं एकमेकांच्या खांद्यांस धरून, प्रवाहाकडे तोंड करून, एका वेळीं एकच पाऊल हलवावें. दोर कमरेस बांधूं नये. पडलेल्या माणसास तोच दोर पाण्याखालीं धरून ठेवतो. आणि हें सर्व जमत नसेल तर थांबावें. ज्या गुणामुळें हे ओढे झपाट्यानें चढतात त्याच गुणामुळें ते झपाट्यानें उतरतात. पावसानें उसंत दिली कीं दोनतीन तासांत पुष्कळदां वाट मोकळी होते. ते दोनतीन तास ज्यास जड जातात त्यानें या वाटेस न आलेलें बरें.

येथें थोडें परदेशाकडे पाहणें उपयुक्त होईल. आल्प्स पर्वतांत फ्रान्समधील शामोनी गांवाहून स्वित्झर्लंडमधील झेरमॅट गांवापर्यंत हिमनद्यांवरून जाणारी एक प्रसिद्ध वाट आहे. इंग्रज गिर्यारोहकांनीं ती गेल्या शतकाच्याहि मागें, १८६० नंतरच्या दशकांत, उन्हाळ्यांत चालून काढली, आणि सन १९११ च्या हिवाळ्यांत ती स्कीवरून, म्हणजे पायांस लांब फळ्या बांधून, पार करण्यांत आली. या फळ्यांच्या तळास केंसाळ पट्ट्या लावून चढ चढतात आणि त्या काढून उतारावरून घसरत जातात. आज हजारों लोक तेथें जातात. तेथलें भय ओढ्याचें नसून डोंगरावरून कोसळणाऱ्या बर्फाचें आहे. स्वित्झर्लंडमध्यें सन १९४५ पासून बर्फाच्या स्थितीविषयीं नियमित इशारे प्रसिद्ध होत आले आहेत, आणि सन १९९३ पासून साऱ्या युरोपांत त्यांच्या पांच पायऱ्या ठरलेल्या आहेत. आश्चर्याची गोष्ट अशी कीं, तेथें प्राणहानि सर्वांत अधिक होते ती चौथ्या-पांचव्या पायरीच्या दिवशीं नव्हे, तर तिसऱ्या पायरीच्या दिवशीं. कारण उघड आहे. पांचव्या पायरीस कोणी घराबाहेर पडत नाहीं. तिसऱ्या पायरीस भय खरें असतें, पण माणसास तें आटोक्यांतलें वाटतें.

आपल्याकडेहि हवामान खातें पिवळा, नारिंगी आणि तांबडा असे रंगांचे इशारे देतें. चोवीस तासांत २०४ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला तर तो अत्यंत मुसळधार समजला जातो. तांबड्या इशाऱ्याच्या दिवशीं मोहिमा बहुधा रद्द होतात. काळजी घ्यावयाची ती पिवळ्या आणि नारिंगी दिवसांची. त्यांतून हे इशारे साधारणतः साऱ्या जिल्ह्यास मिळून दिलेले असतात, आणि कोल्हापूर जिल्ह्यांत पूर्वेकडचा व पश्चिमेकडचा पाऊस यांत कित्येक पटींचें अंतर आहे. शहरांत छत्री न उघडतां फिरतां यावें आणि गजापुरांत त्याच वेळीं आभाळ फाटावें, असें नेहमीं घडतें. गजापूरच्या परिसरांत उगम पावणारी कासारी पुढें पंचगंगेस मिळते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्यें कोल्हापुरांत शिरलेलें पाणी याच पश्चिम डोंगरांवर पडलेल्या पावसाचें होतें. त्या २०२१ च्या अतिवृष्टींत तर पन्हाळ्यास जाणारा मुख्य रस्ताच खचला. जेथें डांबरी रस्ता टिकत नाहीं तेथें पाऊलवाटेचा भरंवसा किती धरावा, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

या बाबतींत खरा जाणकार कोण, तर वाटेवरच्या वाड्यांतील माणूस. कोणता ओढा केव्हां चढतो, कोणता साकव खचला आहे, कोणत्या उतारावरची माती यंदा सुटली आहे, हें त्यास ठाऊक असतें. शहरांतून गेलेली तुकडी त्याच्या ओसरीवर झोपते, त्याच्या घरची भाकरी आणि पिठलें खाते, आणि सकाळीं तो जेव्हां “आज नका जाऊं, पावणं, वढ्याला पाणी लई हाय,” असें म्हणतो, तेव्हां मात्र रजा संपल्याचें किंवा मोटार ठरविल्याचें कारण सांगून पुढें निघते. भाकरी घ्यावयाची आणि शहाणपण मागें ठेवावयाचें, हा व्यवहार बरा नव्हे. ज्याच्या शब्दावर महाराजांसारख्या पुरुषानें त्या रात्रीं विश्वास टाकला, तो वाटाडे आणि हेर हाच वर्ग होता. त्यांनीं आधीं पायांखालीं घातलेल्या वाटेवरूनच तीं ६०० माणसें गेलीं.

या माणसांची आणखी एक अडचण वाटसरूंच्या ध्यानीं येत नाहीं. आषाढ हा भातलावणीचा महिना. वाट कित्येक ठिकाणीं खाचरांच्या बांधांवरून जाते. ओल्या बांधावरून चार माणसें गेलीं तर बांध सोसतो. चारशें गेलीं तर तो फुटतो, खाचरांतलें पाणी निघून जातें आणि नुकतें लावलेलें रोप उघडें पडतें. वर्षाच्या भाताचा प्रश्न असा एका दुपारीं उभा राहतो. मोठ्या मोहिमांनीं गांवकऱ्यांस आगाऊ विचारून, खाचरें टाळून वाट ठरवावी. बांध फुटल्यास भरून द्यावा. आणि वाटाड्यास व घरधन्यास मोबदला आनंदानें द्यावा. पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे कागद रानांत टाकून पुढें जाणें आणि खिंडींत पोहोंचल्यावर जयजयकार करणें, या दोन गोष्टी एकाच माणसाकडून होतात ही खेदाची गोष्ट आहे. उलट, परततांना दुसऱ्यांनीं टाकलेला कचरा पोत्यांत भरून नेणारीं मंडळेंहि आहेत, तीं वाढावींत.

आज पावनखिंडीजवळ मोटार जाते. खिंडींत उतरण्याचीहि सोय झाली आहे. त्यामुळें ज्यांस चालणें झेपत नाहीं त्यांस ती जागा पाहतां येते, हें चांगलेंच झालें. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत पन्हाळा आहे. तट, बुरूज, अंबरखाना यांची निगा राखण्यास त्यामुळें बळ येईल. परंतु पाऊलवाटेस तट नसतो, बुरूज नसतो. तिची निगा एकाच रीतीनें राहते: ती चालली गेली पाहिजे. जी वाट कोणी चालत नाहीं ती दोन पावसाळ्यांत रान गिळतें. जी बेफामपणें चालली जाते तिचा ओढा होतो. या दोहोंच्या मध्यें ती टिकावी अशी इच्छा असेल तर लहान तुकड्यांनीं, वेगवेगळ्या आठवड्यांत आणि केवळ आषाढांत न येतां मार्गशीर्ष-पौषांतहि तिच्यावर यावें. त्या दिवसांत ओढे उथळ असतात, आकाश निरभ्र असतें, आणि मसाईच्या पठारावर उभें राहिलें कीं मागें पन्हाळा व पुढें सह्याद्रीच्या रांगा असा त्या रात्रीचा सारा भूगोल एका दृष्टिक्षेपांत येतो. तो आषाढांतल्या वाटसरूस कधींच दिसत नाहीं.

विशाळगडावर बाजी आणि फुलाजी या बंधूंची समाधि आहे. तेथपर्यंत पोहोंचलेला माणूस तेथें मस्तक नमवितो आणि कृतार्थ होतो. पण ओढ्याच्या अलीकडून परत फिरलेला माणूस कमी पडला असें कोणी मानूं नये. बाजी खिंडींत थांबले ते त्यांच्या मागें एक मोठें कार्य पार पडावयाचें होतें म्हणून. त्यांनीं आपले प्राण कशासाठीं वेंचले हें ज्यास कळलें आहे, तो आपले प्राण ओढ्याच्या पाण्यांत निष्कारण टाकणार नाहीं. वाट पुढच्या वर्षींहि तेथेंच आहे. पन्हाळ्याच्या कडेवरचा ढग हटला म्हणजे ती पुन्हां दिसेल.